श्वास मोजायची काठी

मे २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, तेव्हाच्या औरंगाबादेतला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातला, एक वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठापुढे गेला. पीएम केअर्स निधीतून तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरात आणलेले ११३ सदोष असल्याचे न्यायालयापुढे मांडले गेले. केंद्राची बाजू अशी होती की यंत्रांत खोट नाही, रुग्णालयाने ती सूचनेप्रमाणे वापरली नाहीत. न्यायालयाने या पवित्र्यावर नाराजी व्यक्त केली. पुढे तो वाद न्यायालयाबाहेर आला आणि तेव्हापासून वैद्यकीय उपकरणांच्या खरेदीचा विषय निघाला की तो नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, घाईने केलेल्या स्वदेशी यंत्रांवर माणसांचे जीव टांगू नका, पारखलेली विदेशी यंत्रे घ्या. दुसरी बाजू म्हणते, आपल्याच उद्योगाला नावे ठेवण्याची ही जुनी खोड आहे. यंत्र उत्तम आहे, चालवणाऱ्याला ते येत नाही. दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात. पण वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून जी चर्चा माझ्यासारख्या वाचकापर्यंत पोहोचली, तीत मी एक साधी गोष्ट शोधत राहिलो आणि ती मला सापडली नाही. यंत्रावर एका श्वासासाठी ५०० मिलिलिटर लावले असता नळीच्या टोकाशी प्रत्यक्ष किती हवा आली? ती कशाने मोजली? कोणत्या तापमानाला, कोणता वायू वापरून? आणि ज्या उपकरणाने मोजली ते स्वतः खरे सांगते की नाही, हे कोणी आणि कधी तपासले होते?

वैद्यकीय उपकरणांच्या तपासणीसाठी हवेचा प्रवाह आणि दाब मोजणारी साधने रचणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे या प्रश्नात माझा जीव गुंतलेला आहे आणि व्यवसायही; वाचकाने ते लक्षात ठेवूनच माझे म्हणणे तोलावे. माझे म्हणणे असे की स्वदेशी की विदेशी हा वाद यंत्रावरची पाटी वाचून सुटणारा नाही. जो देश श्वासोच्छ्वासाची यंत्रे करू लागतो पण त्या यंत्रांची परीक्षा घेणारी साधने रचत नाही, त्याला आपण काय घडवले आहे हे कळण्याची सोयच नसते. चांगले घडवले असेल तर ते सिद्ध करता येत नाही आणि वाईट घडवले असेल तर नेमके कुठे सुधारायचे ते समजत नाही. म्हणून वैद्यकीय उपकरणांसाठी आपण जो सार्वजनिक पैसा बाजूला काढतो, त्याचा चांगला मोठा वाटा आधी मोजणाऱ्या साधनांच्या रचनेकडे जायला हवा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यात एवढे अवघड काय आहे, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. लिटरभर दूध सकाळी मोजले काय आणि दुपारी मोजले काय, माप तेच भरते. हवेचे तसे नाही. व्हेंटिलेटर रुग्णाला ५०० मिलिलिटर हवा देतो असे आपण म्हणतो, तेव्हा ती हवा ३७ अंश सेल्सियसची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली आहे असे धरलेले असते, कारण फुप्फुसात ती तशीच असते. तीच हवा कोरडी करून २० अंशांना आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजली तर सुमारे ४४३ मिलिलिटर भरते आणि शून्य अंशाच्या प्रमाण स्थितीत मोजली तर सुमारे ४१३. तिन्ही आकडे बरोबर आहेत. हवा तेवढीच आहे. आता यंत्र पहिल्या रीतीने हिशेब करते आणि तपासणीचे उपकरण तिसऱ्या रीतीने, अशी गाठ पडली तर काय होईल? तपासणारा १७ टक्क्यांची तूट लिहून मोकळा होईल, कारखानदार तूट नाही असे शपथेवर सांगेल, आणि दोघेही प्रामाणिक असतील. औरंगाबादेत असेच झाले असे मी म्हणत नाही. पण असे झाले नाही हे तरी आपण कशावरून सांगणार?

मोजण्याच्या प्रत्येक रीतीला तिची स्वतःची मेख आहे. स्विस शरीरशास्त्रज्ञ आल्फ्रेड फ्लाइश यांनी १९२५ मध्ये मांडलेली न्यूमोटॅकोग्राफची रीत आजही विश्वासाची समजली जाते. बारीक समांतर नळ्यांच्या जुडग्यातून हवा जाऊ द्यायची आणि जुडग्याच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक मोजायचा. हवा शांतपणे, थराथराने वाहत असेल तर हा फरक प्रवाहाच्या सरळ प्रमाणात वाढतो. मात्र तो वायूच्या चिकटपणावरही अवलंबून असतो आणि ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण १० ते १२ टक्क्यांनी अधिक चिकट आहे. म्हणजे हवेवर जुळवलेले उपकरण शुद्ध ऑक्सिजनचा प्रवाह तेवढ्याने फुगवून दाखवते. मध्ये भोक असलेल्या चकतीने मोजणाऱ्या उपकरणात दाबाचा फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तिथे प्रवाह दहावा हिस्सा झाला की दाबाचा फरक शंभरावा हिस्सा उरतो, आणि सेन्सरची पूर्ण आवाक्याच्या हजाराव्या हिश्शाएवढी क्षुल्लक चूकही त्या जागी प्रवाहात पाच टक्क्यांची चूक होऊन बसते. तापलेल्या तारेचे उपकरण मुळात हवेचे वस्तुमान मोजते. लेहमध्ये, साडेतीन हजार मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. तिथे या उपकरणाचा आकडा जसाच्या तसा आकारमान म्हणून वाचला तर फसगत ठरलेली.

मोठ्या माणसाच्या बाबतीत अशा चुका काही अंशी पचून जातात. वेळेआधी जन्मलेल्या, एक किलो वजनाच्या बाळाचा एक श्वास मात्र ४ ते ६ मिलिलिटरचा असतो, चहाच्या एका छोट्या चमच्याएवढा. श्वासाचे आकारमान थेट मोजता येत नाही. प्रवाह क्षणाक्षणाला मोजून त्याची बेरीज करत जावे लागते. उपकरणाचे शून्य मिनिटाला अवघे ०.१ लिटर सरकलेले असेल आणि बाळाचा श्वास ०.४ सेकंद आत जात असेल, तर या बेरजेत ०.६७ मिलिलिटरची चूक शिरते. पाच मिलिलिटरच्या श्वासाचा हा सातवा-आठवा हिस्सा झाला. प्रयोगशाळेच्या गार हवेत सकाळी शून्य जुळवलेले उपकरण दुपारी नवजात कक्षात, उबदार पाळण्याच्या शेजारी ठेवले की शून्य एवढे सरकायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच रचना करणाऱ्याला सेन्सरच्या निवडीपेक्षा अधिक विचार करावा लागतो तो अशा गोष्टींचा: शून्य आपोआप कधी तपासायचे, दाब नेणारी नळी किती लांब चालेल, तिच्यात बाष्पाचा एक थेंब साचला तर काय होईल, आणि मिनिटाला अर्ध्या लिटरपासून दोनशे लिटरपर्यंतचा पल्ला एकाच साधनाने पेलायचा की दोन साधनांत वाटायचा. ‘यंत्र चांगले आहे’ किंवा ‘यंत्र टाकाऊ आहे’ असे म्हणण्याचा अधिकार या सगळ्या वाटेने चालून गेल्यावर मिळतो.

मोजमाप आधी आणि कारभार नंतर, हा विचार आपल्याला परका नाही. स्वराज्यात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनीची पाहणी झाली, तेव्हा पाच हात आणि पाच मुठींची काठी मुक्रर करण्यात आली. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. साऱ्याचा हिशेब, रयतेची तक्रार, पिकाची पाहणी हे सगळे त्या काठीवर उभे होते. गावोगावची काठी वेगळी असती तर रयत आणि सरकार यांच्यातला कोणता तंटा पुराव्याने सुटला असता? दोघांनाही मान्य असलेली एक काठी असली की भांडण आकड्यावर येते, आणि आकड्यावर आलेले भांडण मिटवता येते. आजही बाजारातल्या भाजीवाल्याचा तराजू ठरावीक मुदतीने तपासून त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का घ्यावा लागतो. पाव किलो वांग्यांच्या बाबतीत जी दक्षता समाजाला आवश्यक वाटते, ती श्वासाच्या बाबतीत आवश्यक नाही काय?

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांकडे वळतो, कारण त्यांतले काही खरोखरच वजनदार आहेत. पहिला निकडीचा. मे २०२० मध्ये भारतात केलेल्या ५०,००० व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हा रुग्णालयांत यंत्रे नव्हती आणि माणसे मरत होती. बुडत्याला दोर टाकताना दोराची जाडी मोजत बसायचे का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि त्या घडीला तो गैर नव्हता. काही महिन्यांत हजारो यंत्रे उभी करणाऱ्या अभियंत्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पुण्याच्या नोक्का रोबोटिक्समधल्या तरुणांनी आयआयटी कानपूरच्या पाठबळावर टाळेबंदीत यंत्र उभे केले, ते काम कोणत्याही देशाने अभिमानाने सांगावे असे होते. पण त्याच वसंत ऋतूत प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरचा जगभर तुटवडा पडला होता, हेही आठवावे. निकडीच्या काळात मोजण्याची साधने लागत नाहीत असे नाही. ती तेव्हाच सर्वांत जास्त लागतात आणि तेव्हाच विकत मिळत नाहीत. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये झटपट करायच्या व्हेंटिलेटरसाठी किमान निकष जाहीर केले आणि तिथल्या उद्योगांच्या संघाने आधीपासून पारखलेल्या रचनेत फेरफार करण्याचा मार्ग धरला. नवे यंत्र जोडणे एक वेळ लवकर होते. ते भरवशाचे आहे हे दाखवायला वेळ लागतो.

याहून जुना आणि मला अधिक बोलका वाटणारा दाखला कोपनहेगनचा आहे. १९५२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले आढळत होते आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले आहे असा लावला होता. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांचे मत उलट होते: श्वास अपुरा पडल्याने कार्बन डायऑक्साइड साठतो आहे आणि रक्त आम्लधर्मी झाले आहे. दोन विद्वान मते, एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि खाटेवर गुदमरणारी मुले. रक्ताची आम्लता प्रत्यक्ष मोजली गेली आणि इब्सेन बरोबर ठरले. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबून रुग्णांना श्वास दिला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. आम्लता मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ते यंत्र त्या शहरात तयार होते, कारण पीएचची, म्हणजे आम्लता एका आकड्यात सांगण्याची, कल्पना तिथल्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, बिअर बनवण्याच्या धंद्याच्या गरजेतून, रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली होती आणि १९३५ मध्ये स्थापन झालेली रेडिओमीटर ही स्थानिक कंपनी पीएच मोजणारी साधने करत होती. साथीत मोजमापावर वेळ दवडला गेला नाही, कारण मोजमापाची विद्या साथीच्या आधी, भलत्याच निमित्ताने, गावात रुजलेली होती. निकडीचा आक्षेप घेणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की आता साथ नाही, तर मग आपण कशाची वाट पाहतो आहोत?

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. तो असा की या साधनांचा बाजार अगदी लहान आहे. एका तपासणी-उपकरणावर शेकडो व्हेंटिलेटर तपासता येतात, त्यामुळे देशाला लागणारी संख्या थोडी. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या मोजक्या कंपन्या जगाची गरज भागवतात, आणि श्रीमंत देशही त्यांच्याकडूनच घेतात. मग आपणच हट्ट का धरावा? या कंपन्यांची उपकरणे उत्तम असतात हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मी त्यांतूनच शिकलो आहे. निव्वळ विक्रीच्या हिशेबाने पाहिले तर हा धंदा करू नये, असेच कोणीही जमाखर्च पाहणारा सांगेल. पण मोजणाऱ्या साधनाची किंमत त्याच्या विक्रीत धरायची की ते ज्या ज्या वस्तूची परीक्षा घेते तिच्या विक्रीत?

१८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेलेले जर्मन अभियंते फ्रान्झ रुलो यांनी आपल्याच देशाच्या मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटले आणि जर्मनीत खळबळ उडाली. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव छापणे भाग पाडले. ‘मेड इन जर्मनी’ ही पाटी गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होती. त्याच १८८७ साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये मापनविद्येची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स यांनी तिच्यासाठी जागा दिली आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ तिचे पहिले अध्यक्ष झाले. दिव्यांचा प्रकाश नेमका मोजता यावा म्हणून या संस्थेत तप्त पदार्थांच्या प्रारणाची जी काटेकोर मोजणी झाली, तिच्यातूनच १९०० मध्ये प्लांक यांना पुंज सिद्धान्ताकडे जावे लागले. एका संस्थेने पाटीचा अर्थ बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; शिक्षण, भांडवल, कारागिरी यांचाही त्यात वाटा होता. तरीही आपल्या मालाची नालस्ती होत असताना त्या देशाने जाहिरातीऐवजी मापनाची प्रयोगशाळा बांधली, ही गोष्ट आपण ध्यानात घेण्यासारखी आहे.

आणि जर्मनीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. १९७४ मध्ये इस्रोने फ्रान्सच्या एसईपी या संस्थेशी करार केला. फ्रान्सच्या वायकिंग या रॉकेट इंजिनाचे तंत्रज्ञान आपल्याला मिळाले, आणि त्या बदल्यात आपण दिले ते अभियंत्यांचे मनुष्यबळ आणि भारतात घडवलेले हजारो दाब-संवेदक. त्या तंत्रज्ञानातून उभे राहिलेले विकास इंजिन पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात आजही चालते, आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटमध्येही ते होते. दाब मोजणारी, मुठीत मावणारी वस्तू नीट घडवता येत होती म्हणून देशाला एका मोठ्या दारातून आत जाता आले. बाजार लहान म्हणून ती वस्तू घडवायला तेव्हा कोणी नको म्हटले असते तर?

लहान बाजाराच्या युक्तिवादात आणखी एक गोष्ट सुटते. उपकरण ज्या हवामानासाठी रचलेले असते त्या हवामानाची गृहीतके त्याच्या पोटात असतात. कोकणातला पावसाळा, विदर्भातला मे महिना, विजेच्या दाबाचे हेलकावे, रुग्णालयाच्या संपीडित हवेच्या वाहिनीतून येणारे पाणी आणि तेलाचा अंश, लेहची विरळ हवा. समशीतोष्ण देशातल्या रचनाकाराने यांचा विचार कमी केला तर त्याला दोष देता येत नाही. पण आपल्या बायोमेडिकल अभियंत्याच्या हाती ते उपकरण आले की चूक उपकरणाची की यंत्राची हे त्याला ओळखता येत नाही, कारण उपकरण त्याच्यासाठी बंद पेटी असते. त्यातून अशी बरीच उपकरणे फेरतपासणीसाठी परदेशी पाठवावी लागतात. ती परत येईपर्यंतचे आठवडे रुग्णालय एक तर अंदाजाने चालते किंवा मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर. मी ज्याला रचनेची विद्या म्हणतो तिचा अर्थ प्रत्येक स्क्रू इथेच झाला पाहिजे असा नाही. सेन्सरची चकती बाहेरून आली तरी चालेल. प्रवाहाचा मार्ग, शून्याची तपासणी, तापमानाची आणि आर्द्रतेची दुरुस्ती, आणि अनिश्चिततेचा, म्हणजे मापात किती चूक असू शकते याचा, हिशेब या गोष्टी इथल्या माणसाला मुळापासून करता आल्या पाहिजेत. तपासणारे साधन ज्या यंत्राची परीक्षा घेते त्याच्यापेक्षा निदान चौपट अचूक असावे, असा आमच्या धंद्यातला जुना दंडक आहे. हा चौपटीचा दंडक पाळायला शिकलेला माणूस साधे यंत्रही वेगळ्या नजरेने रचतो.

मापनाच्या साखळीचे वरचे टोक आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, नेहरूंच्या हस्ते बसली. देश हाती येण्यापूर्वी मापाची व्यवस्था मनात होती. केरळात पालक्काडला प्रवाहमापनाची राष्ट्रीय दर्जाची संस्था आहे, मुंबईत विद्युत मापनयंत्रांच्या रचनेसाठी उभारलेली आयडेमी आहे, विशाखापट्टणमला वैद्यकीय उपकरणांचे संकुल आहे. साखळीच्या मधल्या कड्या विरळ आहेत. दिल्लीतल्या प्रमाण मापापासून जिल्हा रुग्णालयातल्या खाटेपर्यंत दाबाचा आणि प्रवाहाचा आकडा हातोहात, नोंदीसह, पोहोचवणारी साधने आणि ती जाणणारी माणसे आपण फारशी तयार केली नाहीत. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या परवान्यांनी कागद मागायला सुरुवात केली, ते आवश्यकच होते. उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी २०२० मध्ये ३,४२० कोटींची योजनाही आली. कागदावरचा आकडा ज्या साधनातून येतो त्या साधनाकडे मात्र तेवढे लक्ष गेलेले नाही.

तिसरा आक्षेप लघुउद्योजकांचा आहे. भोसरीच्या किंवा सातपूरच्या गाळ्यात पाच-सात कामगारांवर चालणारा कारखानदार म्हणतो की तपासणीचे ओझे वाढवाल तर मोठे टिकतील आणि आम्ही मरू. त्याची भीती खरी आहे, आणि तपासणी म्हणजे केवळ निरीक्षकाचे दप्तर असेल तर तसेच होईल. पण मी उलटही पाहिले आहे. एका छोट्या कारखान्यात बाळांना हाताने श्वास देण्याच्या पिशव्या तयार होत. अशा पिशवीला एक सुरक्षा-झडप असते; आतला दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा झाला की ती उघडावी, म्हणजे कोवळ्या फुप्फुसाला इजा होत नाही. कारखानदार काट्याच्या दाबमापकावर प्रत्येक झडप स्वतः तपासत असे आणि काटा चाळीसवर थांबत असे. आम्ही त्याच झडपा सेकंदाला शेकडो वेळा दाब टिपणाऱ्या साधनावर लावल्या. सावकाश दाबले की झडप चाळीसला उघडे. घाबरलेल्या माणसाच्या हाताने दाबावी तशी झपकन दाबली की क्षणभर दाब बराच वर जाऊन मग खाली येई. काट्याला तो क्षण दिसतच नव्हता. त्या गृहस्थाने आलेख पाहिला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि आठवड्याभरात स्प्रिंगची बैठक बदलून नव्या झडपा घेऊन आला. त्याच्यावर कोणी दंड बसवला नव्हता. त्याला फक्त पहिल्यांदाच दिसले होते. लघुउद्योजकाला परवडणारे, इथे दुरुस्त होणारे, भाड्याने किंवा सामाईक मिळणारे साधन असेल तर तपासणी त्याच्या मानेवरचे जू होत नाही. मोठ्या कंपनीकडे असलेली आणि त्याच्याकडे नसलेली दृष्टी त्याला मिळते. आजची महागडी आयात व्यवस्थाच खरे तर मोठ्यांच्या सोयीची आहे.

उरला डॉक्टरांचा आक्षेप. अनुभवी डॉक्टर म्हणतात, आम्ही रुग्णाकडे पाहतो. छाती किती हलते, ऑक्सिजनची पातळी काय, रक्ताचा अहवाल काय. रुग्ण हेच अखेरचे मापक. या दृष्टीचे मोल मी कमी लेखू शकत नाही. कोणतेही उपकरण तिची जागा घेणार नाही. तरीही २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस (फुप्फुसे अचानक निकामी होण्याचा गंभीर विकार) नेटवर्कच्या अभ्यासाने काय दाखवले ते पाहावे. ८६१ रुग्णांपैकी काहींना उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या प्रतिकिलो १२ मिलिलिटर श्वास दिला, काहींना ६. जास्त श्वास मिळालेल्यांची ऑक्सिजनची स्थिती सुरुवातीच्या दिवसांत अधिक चांगली दिसत होती, आणि मृत्यूही त्यांच्यातच अधिक झाले: ३९.८ टक्के, तर कमी श्वास मिळालेल्यांत ३१ टक्के. रुग्णाकडे पाहून जे बरे वाटत होते तेच हळूहळू फुप्फुस फाडत होते. आज जगभरचे अतिदक्षता विभाग या अभ्यासाच्या आधारे किलोला ६ मिलिलिटर लावतात. पडद्यावर ६ दिसत असताना नळीतून ८ जात असतील, तर ते डॉक्टरच्या नजरेला दिसेल कसे? आणि ते दाखवणारे साधन वॉर्डात नसेल, तर उद्या काही विपरीत घडल्यावर दोष डॉक्टरच्या माथी येणार नाही काय? औरंगाबादेत ‘नीट वापरले नाही’ हा आरोप ज्यांच्यावर झाला, त्यांच्या हातात उत्तर म्हणून ठेवायला एक आलेख असता तर त्यांचीच बाजू सर्वांत भक्कम झाली असती. कारखानदाराचे खरे असते, तर त्याचीही.

एका व्हेंटिलेटरची नीट तपासणी करायला साधारण दोन तास लागतात: कृत्रिम फुप्फुस जोडायचे, गळती पाहायची, मोठ्या माणसाचे आणि बाळाचे आकारमान लावून प्रवाह, दाब आणि ऑक्सिजन मोजायचा, नळी अर्धवट दाबून धोक्याची घंटा वाजते का ते पाहायचे. ११३ यंत्रांना सव्वादोनशे तास. तीन साधने आणि ती जाणणारे सहा जण असते तर दहा दिवसांत ते काम संपले असते, आणि न्यायालयापुढे प्रतिज्ञापत्रांच्या जोडीला ११३ कार्डे ठेवता आली असती. जिल्हा रुग्णालयांच्या भांडारांत त्या काळातली जी यंत्रे आजही झाकून ठेवलेली आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. प्रत्येक यंत्राच्या मुठीला एक कार्ड अडकवावे आणि त्यावर लिहावे: तारीख, वायू, खोलीचे तापमान, लावलेले आकारमान, मोजलेले आकारमान, कोणत्या स्थितीला धरून मोजले ते, मोजणाऱ्या साधनाचा क्रमांक, आणि ते साधन शेवटचे कधी व कशावर तपासले.